ठासणीच्या बंदुकीच्या जोडीला कोणकोणते हुन्नर शिकावेत? (सातारा-सांगलीकरांनी जरूर लिहावं)

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी.

आमच्या घरात आजोबांच्या वेळेपासून एक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक आहे. पाटण तालुक्यात डोंगरकडेची शेती, त्यात रानडुकरं आणि गव्यांचा त्रास, म्हणून पीक संरक्षणासाठी काढलेला परवाना. आता तो रीतसर माझ्या नावावर झालाय. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा होते आणि आचारसंहिता उठली की परत येते. बार काढायची वेळ फार क्वचित येते. पण या बंदुकीनं मला एका वेगळ्याच नादाला लावलंय, म्हणून हा धागा.

अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांचा छंद मोठ्या प्रमाणावर जोपासला जातो. तिथली नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन 1933 पासून आहे आणि इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या छोट्या गावात त्यांचे सामने भरतात. रॉकी पर्वतात 1825 ते 1840 या काळात फरचे व्यापारी आणि शिकारी उन्हाळ्यात एके ठिकाणी जमायचे, त्या मेळ्याला रॉन्देव्हू म्हणत. त्याची आठवण म्हणून आजही तिथं तसे मेळे भरवतात. त्यांचे फोटो बघताना जाणवलं की बार काढण्यात त्या लोकांचा वेळ फार थोडा जातो. बाकी सगळा वेळ दारू ठेवायची शिंगं कोरणं, चामड्याच्या पिशव्या शिवणं, सुरीची पाती घडवणं, गारगोटीवर विस्तव पाडणं, कुऱ्हाडफेक यात जातो. बंदूक हे निमित्त, खरा छंद हातांचा.

माझं म्हणणं असं, की यातला एकही हुन्नर आपल्याला बाहेरून आणावा लागणार नाही. शिंग, चामडं, शिसं, चकमक, दोर, लोकर, मेण या सगळ्यांत हात बसलेली माणसं पाटणहून एसटीनं दिवसभरात गाठता येतील अशा अंतरावर आहेत. आपण त्यांच्याकडं शिकायला जात नाही, एवढंच. म्हणून तुम्हाला विचारतोय: कुणाला काय येतं, कुणी काय शिकवू शकेल आणि सुरुवात कशापासून करावी?

मला स्वतःला धड येतं ते नळी धुणं. काळी दारू जळाल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग घन राहतो आणि नळीत चिकटतो. ही राख हवेतलं पाणी ओढते. कोयनेच्या पावसाळ्यात एक रात्र तशीच ठेवली तर सकाळी नळीत तांबूस गंज दिसतो. त्यामुळं बार काढला त्याच दिवशी काना (नळीच्या बुडाची, आग आत नेणारी भोकाची खुंटी) काढायचा, नळीचं बूड गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचं आणि गजाला चिंधी गुंडाळून वरखाली करायचं. पहिलं पाणी डांबरासारखं काळं येतं आणि सडक्या अंड्याचा वास मारतं, तो गंधकाचा. मग पाणी करडं होतं, शेवटी स्वच्छ. पाणी कडकडीत असेल तर लोखंड तापतं आणि नळी आतून आपोआप सुकते. त्यानंतर तेल. खोबरेल मात्र नको, आमच्याकडं थंडीत ते थिजतं. शिलाई मशीनचं पातळ तेल बरं.

माणदेशी

वा कोयनाकाठ, विषय काढलात! माझ्या मते सुरुवात चकमकीपासून करा. कारण सांगतो.

आमच्या माण-खटावकडं म्हातारे धनगर चिलीम पेटवायला चकमक बाळगायचे. चामड्याच्या लहान बटव्यात पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि काटेसावरीचा कापूस. काडीपेटी आल्यावर ती मागं पडली, तरी जुन्या घरांतून अजून सापडते. पद्धत अशी: डाव्या हातात दगड, त्याची धार बाहेर. धारेच्या अगदी मागं, अंगठ्याखाली कापसाचा जरा जळका पुंजका धरायचा. उजव्या हातानं पोलाद वरून खाली, धारेला घासून जाईल असं मारायचं. ठोकायचं नाही, तासायचं. ठिणगी दगडाची नसते. दगडाच्या धारेनं पोलादाचा बारीक किस निघतो, तो हवेत पेटतो, तीच ठिणगी. म्हणून दगड पोलादापेक्षा कठीण हवा आणि धार ताजी हवी.

आता हेच चकमकीच्या बंदुकीत बघा. तिथं दगड घोड्याच्या (चाप ओढल्यावर सुटणाऱ्या हातोडीच्या) जबड्यात बसवलेला असतो आणि पोलाद त्याच्या समोर उभं. चाप ओढला की दगड पोलादाला तासत खाली येतो आणि ठिणग्या कान्याशेजारच्या रंजकीत (पेटवणीच्या बारीक दारूत) पडतात. हातानं चकमक मारायला शिकलेल्या माणसाला बंदूक का पेटली नाही हे पुस्तकात बघावं लागत नाही. धार गेली, कोन चुकला, पोलाद मऊ पडलं किंवा रंजक सरदली, यापलीकडं कारण नसतं. तुमची बंदूक टोपीची (कान्यावर बसवलेल्या स्फोटक टोपीनं पेटणारी) दिसतेय, कारण तुम्ही काना काढायचं लिहिलंय. तरीही हे शिकाच.

दगड कुठं मिळतो? इंग्रज आपल्या सैन्यासाठी सफोकमधल्या ब्रँडन गावचा फ्लिंट वापरत. तसला फ्लिंट आपल्या काळ्या पाषाणात मिळत नाही. पण लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेली गार, अकीक, जास्पर भरपूर आहेत. पावसाळा ओसरला की माणगंगेच्या ओढ्यांतून फिरा, पांढरट-तपकिरी, मेणचट चमकेचे गोटे दिसतील. फोडताना डोळ्यांना चष्मा लावा, त्याच्या कपच्या काचेसारख्या उडतात.

पोलादासाठी जुनी झिजलेली कानस उत्तम. तिच्यात कार्बन जास्त असतो. गाडीच्या पाट्याचं पोलाद चालतं, पण ठिणगी कमी देतं. रस्त्याकडेला पाल टाकून बसणाऱ्या घिसाडी लोहारांकडं कानस घेऊन जा आणि कानसच आहे हे आधी सांगा, म्हणजे पाणी किती द्यायचं हे ते ठरवतील. लालभडक तापवलेल्या लोखंडाला लोहचुंबक चिकटायचं थांबलं की पाण्यात बुडवायचं, हा ठोकताळा. त्यांच्या भात्याजवळ दिवसभर बसायची तयारी ठेवा आणि मजुरीत घासाघीस करू नका.

दुर्गवेडा_सातारा

धागा वाचनखूण म्हणून साठवला. फार दिवसांनी इथं असं काही वाचलं.

तुमच्या यादीत मला एक गोष्ट दिसली नाही. दारू सांभाळणं. हाही स्वतंत्र हुन्नर आहे आणि तो आपल्याकडं लिहूनही ठेवलेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याबद्दल जे सांगितलंय ते आजही जसंच्या तसं लागू पडेल. दारूखाना राहत्या घरांपासून लांब असावा, दारू सरदू नये, आणि हवालदारानं आठ-पंधरा दिवसांनी येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावं. म्हणजे नुसतं ठेवून चालत नाही, ठरावीक दिवसांनी बघावं लागतं.

त्याच धर्तीवर शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र आहे. त्यात गवताच्या गंजींजवळ आगट्या करणं, चिलीम ओढणं, रात्री दिवा तसाच ठेवणं आणि उंदरानं पेटती वात ओढून नेणं, इतक्या बारकाईनं आगीचा विचार केलाय. ठासणीची बंदूक बाळगणाऱ्यानं ते पत्र वाचावंच. दारू भरतानाचे नियमही याच सावधपणातून आलेत. बार काढल्यावर नळीत निखारा उरलेला असू शकतो, म्हणून दारूच्या शिंगातून थेट नळीत कधीच ओतायची नाही. आधी मापात घ्यायची, शिंगाचं तोंड बंद करायचं, मग माप नळीत रिकामं करायचं. भरताना तोंड नळीवर आणायचं नाही. गज मुठीत आवळायचा नाही, बोटांनी धरायचा आणि थोडा थोडा सरकवायचा.

दारूची ताकद काय असते हे बघायला आम्हा सातारकरांना लांब जावं लागत नाही. 1699 च्या डिसेंबरात औरंगजेबानं अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. प्रयागजी प्रभू किल्लेदार होते. एप्रिल 1700 मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले, त्यातल्या एका सुरुंगानं तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि चढाईसाठी खाली उभं असलेलं त्यांचंच सैन्य गाडलं गेलं. प्रयागजी स्वतः ढिगाऱ्याखाली सापडले आणि जिवंत निघाले. गडावर गेलो की मी मुलांना ही गोष्ट त्या तटाशीच सांगतो.

कृष्णाकाठची_वकील

चर्चा छान चालू आहे. कायद्याचं थोडं लिहिते. नवीन वाचणाऱ्यांनी उत्साहाच्या भरात अडचणीत येऊ नये, एवढ्याचसाठी.

शस्त्र अधिनियम 1959 मध्ये ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख पीक संरक्षणाच्या संदर्भात थेट आहे, कलम 13 बघा. म्हणजे परवान्याची वाट आहे, पण परवाना लागतोच. माळ्यावर आजोबांची बंदूक सापडली तर स्वच्छ करायच्या आधी ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात कळवा. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा अवस्थेतल्या पुरातन शस्त्राला कलम 45 मध्ये सूट आहे. ती सूट आपल्याला लागू होते की नाही हे आपण घरी बसून ठरवायचं नसतं.

लग्नात, मिरवणुकीत, दसऱ्याला हौसेनं बार काढणं 2019 च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. काळी दारू घरी तयार करणं स्फोटकांच्या कायद्यात बसतं, तो 1884 पासून आहे, त्यामुळं ‘पारंपरिक हुन्नर’ म्हणून कुणी त्याची कृती इथं लिहू नये अशी विनंती. दारू आणि टोप्या परवान्यावर, परवानाधारक विक्रेत्याकडूनच. आणि वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे शिकार बंद आहे. शेतात घुसलेल्या रानडुकरालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज करा, पंचनामा वेळेत करून घ्या.

कोयनाकाठ, तुमचं सगळं रीतसर दिसतंय, त्यामुळं हे तुमच्यासाठी नाही.

मेणदोरा

मी कराडची. चामड्याचं काम शिकले आणि आता ऑर्डर घेऊन करते, म्हणून माझ्याकडून तोसदानाबद्दल.

तोसदान म्हणजे दारूचं माप, चिंध्या, टोप्या, काना काढायची किल्ली, सुई वगैरे ठेवायची खांद्यावरची पिशवी. शिवायला सोपी, शिकायला उत्तम. कातडं विकत घेताना क्रोम टॅनिंगचं, म्हणजे रसायनांनी कमावलेलं, घेऊ नका. ते मऊ आणि रंगीत दिसतं, पण त्याला घडी नीट बसत नाही आणि धार झिलई धरत नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं म्हशीचं कातडं मागा. कोल्हापुरी चपलेचं कातडं तेच. चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूरबरोबर सातारा, सांगली आणि सोलापूरही आहेत, त्यामुळं कारागीर जवळच भेटेल. हिरडा तर जावळी-पाटणच्या डोंगरातला.

हत्यारं थोडकीच पुरतात: आरी, रापी (चामडं तासायची सुरी), खुणेचा काटा आणि दोन सुया. आधी रापीनं शिवणीच्या कडा आतून पातळ करायच्या, नाहीतर जोड जाड होतो. काट्यानं समान अंतरावर खुणा करायच्या, आरीनं भोकं पाडायची. मग एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, एक सुई डावीकडून आणि दुसरी उजवीकडून, त्याच एका भोकातून. दर टाक्याला दोन्ही हातांनी सारखं ओढायचं. हा टाका एका ठिकाणी तुटला तरी पुढं उसवत नाही, मशीनचा उसवतो. दोरा मेणातून ओढलेला हवा, म्हणजे पाणी धरत नाही आणि भोकात घट्ट बसतो.

मेणही इथलंच घ्या. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. त्या भागात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या घरोघर आहेत आणि मध काढल्यावर मेण उरतं. मेण आणि तेल मंद आचेवर एकत्र केलं की तेच मलम चामड्याला, दोऱ्याला, बंदुकीच्या दस्त्याला आणि गोळीभोवतीच्या चिंधीलाही लागतं. प्रमाण ऋतूप्रमाणं बदला, उन्हाळ्यात मेण जास्त.

ज्यांची बंदूक चकमकीची आहे त्यांनी दगड जबड्यात धरायलाही चामड्याचा तुकडा वापरावा. नुसत्या लोखंडात दगड सरकतो आणि फुटतो.

कोयनाकाठ

@मेणदोरा ताई, फार उपयोगी लिहिलंत. क्रोमच्या कातड्याचं माहीतच नव्हतं.

@माणदेशी, सावरीचा कापूस जळका करायचा म्हणजे नक्की कसा?

आणि दारूच्या शिंगाचं कुणी सांगेल का? सांबरशिंग घरात आहे, ते वापरता येईल का?

मिरजकर

सांबरशिंगाला हात लावू नका. सांबर, चितळ, काळवीट कुठलंही असो, गळून पडलेलं असलं तरी त्याचा वापर आणि व्यापार कायद्यात अडकतो. आमच्याकडं सतारीच्या घोड्या (ज्यांवर तारा टेकतात त्या पट्ट्या) पूर्वी सांबरशिंगाच्या होत. ते बंद झालं तसे कारागीर उंटाच्या हाडाकडं आणि नंतर कृत्रिम साहित्याकडं वळले.

तुम्हाला मिरजेला या म्हणतो त्याचं कारण आणखी खोल आहे. इथले सतार-तंबोरे करणारे मूळचे शिकलगार. तलवारी, भाले, बंदुका दुरुस्त करणं आणि त्यांना पाणी-धार देणं हा त्यांचा धंदा. राज्यं गेली, शस्त्रांचं काम आटलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेबांसारखे कारागीर मिरजेच्या संस्थानाच्या आश्रयानं तंतुवाद्यांकडं वळले. त्यांचीच पुढची पिढी सतारमेकर म्हणून ओळखली गेली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला आता भौगोलिक मानांकनही आहे. म्हणजे लोखंडावर कानस चालवणारे हात लाकूड-भोपळ्यावर आले. आजही कारागीर घोडीची जवारी काढताना, म्हणजे तार नीट गुंजावी म्हणून तिचा माथा घासताना, कानशीनं एक ओढ देतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा अर्धी ओढ. ज्याला बंदुकीचा चाप, घोडा, दस्त्याची खाच नीट बसवायची आहे त्यानं हे एकदा शेजारी बसून बघावं. घाई न करता कमी घासणं म्हणजे काय ते कळतं. भोपळे मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतात, ते निवडणं हाही एक अभ्यास.

आता शिंग. म्हशीचं घ्या, आणि आपल्या भागात पंढरपुरी म्हैस आहे हे भाग्य समजा. तिची शिंगं खांद्याच्याही मागं जातात इतकी लांब. मेलेल्या जनावराचं शिंग घेतलं तर आत हाडाचा गाभा असतो. घराबाहेर मोठ्या पातेल्यात पाण्यात उकळायचं, वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. गाभा सुटला की आपटून बाहेर काढायचा. मग कानशीनं वरचा खडबडीत थर उतरवायचा आणि फुटक्या काचेच्या ताज्या कडेनं खरवडत जायचं. काचेचा किस लोकरीसारखा निघतो. उजेडासमोर धरून बघत राहा. फिकट शिंग असेल तर पातळ झाल्यावर आतली दारू कुठवर आहे ते दिसतं. काळ्या शिंगात दिसत नाही, पण काम सारखंच.

बूड बंद करताना ध्यानात ठेवा: पंढरपुरी शिंगाचं तोंड गोल नसतं, चपटं असतं. सागवानाची खुंटी त्याच आकाराची, जरा निमुळती करायची. शिंगाचं तोंड उकळत्या पाण्यात मऊ करून खुंटी दाबून बसवायची. गार झालं की शिंग आवळतं. वरून पितळी चुका आणि फटीत मेण. लोखंडी खिळे नकोत, दारूजवळ ठिणगी देणारं काही नको. टोकाला बारीक भोक पाडायचं आणि लाकडी बूच.

रानमाग

शिराळा, चांदोलीच्या कडेचा मी. थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा.

या सगळ्यात मला बंदुकीची गरजच दिसत नाही. तुम्ही लिहिलेले सगळे हुन्नर तिच्याविना शिकता येतात, आणि शिकावेत. आमच्याकडं बंदुकीनं जे केलं ते माहिती आहे. जुन्या माणसांच्या तोंडून ऐकलेली जनावरं आता दिसत नाहीत. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 साली झाला, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून. तेव्हापासून हळूहळू काहीतरी परत येतंय. परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊलही टाकता येत नाही, ते योग्यच आहे.

शिकारीच्या काळातला एकच हुन्नर मी पुढं न्यावा म्हणेन: माग काढणं. रामोशी मंडळी यात वाकबगार होती. गव्याचा खूर मोठा आणि दोन्ही फाळ्या जवळजवळ. सांबराचा लांबट, टोकदार. चिखलातल्या ठशाची कड धारदार असेल तर ताजा, कड ढासळून आत माती पडली असेल तर जुना. ठशात दव पडलेलं असेल तर जनावर पहाटेच्या आधी गेलं, दव पुसून ठसा उमटला असेल तर नंतर. वही-पेन्सिल, एक पट्टी आणि वनखात्याचा वाटाड्या एवढ्यावर हे शिकता येतं. शेतात रात्री कोण येऊन गेलं हे ज्याला ठशावरून कळतं त्याला पंचनाम्यातही उपयोग होतो.

कोयनाकाठ

@रानमाग, राग कसला! तुमचं शेवटचं वाक्य मला थेट लागू पडतं. पंचनाम्याला आलेले कर्मचारी ‘डुक्कर की गवा’ विचारतात आणि गावातले चार जण चार उत्तरं देतात.

पण बंदुकीची गरज नाही हे मला पटत नाही. ती घरात आहे, परवान्यावर आहे, आणि तिच्यामुळंच मी चामडं कसं कमावतात हे विचारायला लागलो. ती विकून टाकली किंवा ठाण्यात गंजत पडली, तर माझ्या मुलाला शिंग खरवडायचं कारणच उरणार नाही.

लक्ष्यभेद

नेमबाजीची बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहितो. मी सातारचा, मुलांना धनुर्विद्या शिकवतो.

ठासणीच्या बंदुकीत, विशेषतः चकमकीच्या, चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत जाणवण्याइतका वेळ जातो. रंजक पेटते, आग कान्यातून आत जाते, मग मुख्य दारू. तेवढ्या वेळात नेम हलला तर गेला. म्हणून चाप ओढल्यानंतरही नेमावर टिकून राहणं इथं सगळ्यात महत्त्वाचं. धनुर्विद्येत नेमकं हेच शिकवतात: बाण सुटला तरी हात, नजर, श्वास जागेवरच, बाण लागेपर्यंत. आपल्याकडं यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. बर्लिनला 2023 मध्ये कंपाउंड प्रकारात जगज्जेती झालेली अदिती स्वामी साताऱ्याचीच, आणि त्याच वर्षी युवा जागतिक स्पर्धेत रिकर्व्हमध्ये सुवर्ण जिंकणारा पार्थ साळुंखेही साताऱ्याचाच.

आणि दुसरी, गोफण. माणदेशी, तुमच्याकडं ज्वारीला कणसं धरली की अजून गोफणी फिरतात ना? अंबाडी किंवा घायपाताच्या दोराची गोफण वळायला शिका. दोन पदर एका दिशेनं पिळायचे आणि एकमेकांभोवती उलट दिशेनं गुंडाळायचे, म्हणजे पीळ सुटत नाही. तोडेदार बंदुकीचा तोडा (दारू पेटवायची धुमसती दोरी) याच हातानं वळला जायचा. दोर वळण्यात मातंग कारागिरांचा हात कुणी धरू शकत नाही, शक्य झालं तर त्यांच्याकडं शिका. फेकताना मोकळं रान, मागंपुढं माणूस नको. दगडाऐवजी मातीचा भाजलेला गुंडा घ्या, वजन सारखं राहतं.

माणदेशी

@कोयनाकाठ, सावरीचा कापूस असा करा: झाकणाचा लहान पत्र्याचा डबा, झाकणाला खिळ्यानं एक भोक. आत कापूस (नाही मिळाला तर जुन्या धोतराची सुती चिंधी) सैल भरायचा, डबा निखाऱ्यावर ठेवायचा. भोकातून पांढरा धूर येत राहील. धूर थांबला की डबा काढून भोक बंद करायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच उघडायचं. गरम असताना उघडलात तर हवा लागून सगळा जळून जाईल. काळा झाला पाहिजे, राख नाही. ठिणगी पडली की लाल ठिपका पसरत जातो. तो काथ्याच्या किंवा सुक्या गवताच्या पुंजक्यात ठेवून हळू फुंकायचं. शेणीच्या तुकड्यावर धरला तर विस्तव तासभर राहतो. हुरड्याची आगटी आम्ही अशी पेटवतो.

@लक्ष्यभेद, फिरतात की! पण आता पोरं फटाके वाजवतात, गोफण म्हाताऱ्यांच्याच हाती.

अजून एक. अमेरिकेतली मंडळी मेळ्यात लोकरीचे नाहीतर सुती कपडे घालतात, त्याला कारण आहे. रंजकीची ठिणगी पॉलिस्टरवर पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं, लोकर मात्र सहसा पेट घेत नाही. आपल्याकडं दख्खनी मेंढीचं घोंगडं आहे. सनगर मंडळी खड्ड्याच्या मागावर विणतात, चिंचोक्याची खळ लावतात. खांद्यावर टाका, पाऊसही अडवेल. जत, आटपाडी, म्हसवडच्या बाजारात विचारा आणि यंत्रावरचं मिसळीचं गळ्यात मारून घेऊ नका. हातात चोळून बघा, खरं असेल तर टोचतं.

पागवाला_हरिपूर

शिशाबद्दल माझं. संगमावर आम्ही पाग (फेकून मासे धरायचं गोल जाळं) टाकतो. पागाच्या घेराला शिशाची वजनं लागतात, ती घरीच ओततो. बंदुकीची गोळी मी कधी ओतलेली नाही, ते परवानेवाल्यांचं काम, पण शिसं तेच.

शिसं 327 अंशाला वितळतं, म्हणजे साध्या शेगडीवर होतं, आणि तिथंच माणसं बेफिकीर होतात. घराबाहेर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून उभं राहायचं. भांडं त्याच कामाचं, परत स्वयंपाकघरात जायचं नाही. पाण्याचा एक थेंबही जवळ नको. वितळलेल्या शिशात ओलं काही पडलं की वाफ होऊन सगळं अंगावर उडतं. म्हणून साचा आधी तापवून कोरडा करायचा. मोडक्या बॅटऱ्यांचं शिसं अजिबात वापरू नका, त्यातले बाकीचे धातू आणि तेजाब जिवाला घातक. नंतर साबणानं हात धुवायचे, मगच खाणं-पिणं. लहान मुलं आणि गरोदर बाई आसपास नको.

ओतताना बघा: वजनावर सुरकुत्या पडल्या तर साचा किंवा शिसं थंड होतं. पांढुरकं, खरखरीत निघालं तर जास्त तापलं. गुळगुळीत, चकचकीत आलं की बरोबर. सगळी वजनं सारखी भरली नाहीत तर पाग गोल उघडत नाही. गोळीचंही तसंच असणार.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवतोय: पावसाळ्यात घरातलं काम, म्हणजे चामडं. ताई, तुमच्याकडं कराडला यायचं झालं तर रविवार चालेल का? शिंग दिवाळीनंतर, उन्हं आली की. मिरजकर, तेव्हा तुमच्याकडं चक्कर नक्की. चकमकीचे दगड शोधायला ऑक्टोबरात माणगंगेवर येतो.

पंढरपुरी म्हशीचं शिंग कुठं मिळेल एवढंच राहिलं.

मेणदोरा

रविवार चालेल. येताना कातडं आणू नका, माझ्याकडं तुकडे आहेत, पहिलं तोसदान त्यातच शिवा. आरी मात्र स्वतःची घ्या, दुसऱ्याच्या आरीवर हात बसत नाही. बाजारात कारागिरांना लागणारी मिळते, मूठ हातात धरून बघून घ्या.

मिरजकर

शिंगासाठी सांगोला-मंगळवेढ्याच्या बाजूला म्हशी पाळणाऱ्यांना सांगून ठेवावं लागतं, विकत मिळत नाही. माझा भोपळेवाला महिन्याला तिकडून येतो, त्याला सांगतो. जोडीच आणायला सांगू, एक कोरताना तडकलं तर दुसरं हाताशी. आलं की इथंच लिहितो.